प्ले स्टोअर नुसतं गोल फिरतंय? आधी हे बघा

नाशिकच्या सिडकोत माझं मोबाईल दुरुस्तीचं काउंटर आहे. काउंटर म्हणजे काय, एक काचेचं कपाट, दिव्याचं एक भिंग आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. फुटलेली स्क्रीन आणि सैल झालेली चार्जिंग पिन सोडली तर सगळ्यात जास्त कानावर पडणारं वाक्य एकच: "दादा, प्ले स्टोअर उघडतच नाही." कुणाचं नुसतं गोल फिरत राहतं, कुणाला "तुम्ही ऑफलाइन आहात" असं दिसतं, कुणाचं अ‍ॅप "प्रलंबित"वर तासभर बसून असतं. बहुतेकांचं काम स्टुलावर बसल्या बसल्या होतं आणि त्याचे पैसे मागायची मलाच लाज वाटते. म्हणून हे लिहून ठेवतोय. नवीन स्मार्टफोन घेतलेल्यांनी, आणि घरातल्या आई-बाबांचा फोन सांभाळणाऱ्यांनी, एकदा सावकाश वाचा.

सगळ्यात आधी एक सवय मोडा. प्ले स्टोअर चाललं नाही की लोक सरळ सेटिंगमध्ये घुसतात आणि दिसेल ते "क्लिअर" करत सुटतात. तसं करू नका. बिघाड बहुधा दोनच ठिकाणी असतो, नेटमध्ये किंवा फोनमध्ये. तो कुठे आहे ते दोन मिनिटांत कळतं.

शेजारच्याचा फोन घ्या. त्याला हॉटस्पॉट चालू करायला सांगा आणि तुमचा फोन त्याला जोडा. आता प्ले स्टोअर चाललं तर तुमचा फोन ठणठणीत आहे, दुखणं तुमच्या सिमचं किंवा वायफायचं. नाही चाललं, आणि त्याच वेळी शेजाऱ्याच्या फोनवर मात्र स्टोअर मस्त उघडतंय, तर दुखणं तुमच्या फोनात. दोघांचंही बंद असेल तर वेगवेगळ्या कंपन्यांच्या सिमवर एकदा बघा. तरीही बंदच असेल तर गुगलकडेच काहीतरी गडबड आहे; चहा घ्या, तासाभराने बघा. असं क्वचित होतं, पण होतं.

घड्याळ

हे पहिल्या नंबरवर ठेवतोय, कारण यावर कुणाचा विश्वासच बसत नाही.

मागे दिंडोरीकडचे एक काका आले होते. द्राक्षबागायतदार. मुलाचा जुना फोन कपाटात पडून होता, तो चार्ज करून हवामानाचं अ‍ॅप टाकायचं होतं. दोन दिवस घरी खटपट करून शेवटी सिडको गाठलं. मी फोन हातात घेतला, वरची पट्टी खाली ओढली, आणि तारीख दिसली: १ जानेवारी. बाहेर उन्हाचा कडाका आणि फोनात पौष महिना. तारीख आपोआप घेण्याची खूण चालू केली, फोन एकदा बंद-चालू केला, आणि स्टोअर उघडलं. काका म्हणाले, "एवढंच होतं?" एवढंच होतं.

असं का होतं, तेही सांगतो. तुमचा फोन गुगलच्या सर्व्हरला जोडताना सर्व्हर आधी आपलं डिजिटल ओळखपत्र दाखवतो. त्या ओळखपत्रावर एसटीच्या पासासारखी मुदत असते, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. फोनच्या घड्याळात काही वर्षांपूर्वीची तारीख असली तर त्याच्या हिशेबाने ते ओळखपत्र अजून सुरूच झालेलं नाही. मग फोन म्हणतो, हा कोणीतरी भामटा आहे, आणि जोडणी तोडून टाकतो. तुम्हाला दिसतं फक्त गोल फिरणारं चक्र. बॅटरी पूर्ण उतरून महिनोन् महिने पडलेल्या फोनांत हे हमखास सापडतं. अशा फोनवर व्हॉट्सअ‍ॅपही तारीख चुकीची असल्याची तक्रार करतं, क्रोमही घड्याळाबद्दल कुरकुर करतं. ती कुरकुर वाचा, पुसून टाकू नका.

कुठे बघायचं: सेटिंग्ज, तिथून सिस्टम किंवा "अतिरिक्त सेटिंग्ज", मग तारीख आणि वेळ. "आपोआप सेट करा" चालू करा, टाइम झोनही आपोआपवर ठेवा. हाताने टाइम झोन निवडावाच लागला तर भारताचा, म्हणजे +५:३० वाला.

"व्हॉट्सअ‍ॅप चालतंय, म्हणजे नेट आहेच की"

हे दुसरं वाक्य, आणि इथेच सगळे फसतात. व्हॉट्सअ‍ॅपचा साधा मेसेज काही बाइटांचा असतो, तो मरतुकड्या नेटवरही जातो. स्टोअरला मात्र चित्रं, यादी, तुमचं अकाउंट, सगळं एका दमात आणायचं असतं.

प्रीपेडच्या बऱ्याच प्लॅनमध्ये रोजचा डेटा ठरलेला असतो, दीड जीबी, दोन जीबी. तो संपला की नेट बंद पडत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. हा आकडा जरा उलगडून बघा. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. ५० एमबीचं अ‍ॅप या वेगाने उतरवायला सव्वासहा हजार सेकंद लागतात, म्हणजे पावणेदोन तास, तेही मध्ये एकदाही न तुटता. प्रत्यक्षात स्टोअर त्याच्या कितीतरी आधी कंटाळून "पुन्हा प्रयत्न करा" म्हणतं. दुपारी क्रिकेटची मॅच बघून संध्याकाळी माझ्याकडे येणाऱ्या पोरांचं दुखणं बहुधा हेच. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक डेटा बघा. संपला असेल तर छोटं डेटा पॅक मारा, नाहीतर रात्री बारानंतर नवा कोटा येईपर्यंत थांबा.

नेट खरंच आहे का, हे तपासायचं तर ब्राउझरमध्ये अशी साइट उघडा जी तुम्ही पूर्वी कधीच उघडलेली नाही. रोजची साइट फोनने साठवून ठेवलेली असते, ती नेट नसतानाही अर्धीमुर्धी दिसते आणि तुमची दिशाभूल करते.

आता काड्यांबद्दल. सिग्नलच्या काड्या फुल्ल आहेत म्हणून नेट वेगवान असेलच असं नाही. काड्या सांगतात टॉवर किती स्पष्ट ऐकू येतोय ते. त्या टॉवरवर किती गर्दी आहे, हे त्या सांगत नाहीत. द्वारकेचा चौक केवढा मोठा आहे, म्हणून काय गाडी पुढे सरकते? तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला त्र्यंबकला गेलात तर फोनवर काड्या दिसतील, पण एकाच टॉवरवर हजारो फोन लटकलेले असतील. तिथे उभं राहून अ‍ॅप उतरवायचा नाद करू नका. २०२७ च्या सिंहस्थात घरी पाहुणे येणार असतील तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा: नकाशा, तिकिटं, पैशांचं अ‍ॅप, जे लागेल ते घरच्या वायफायवर उतरवून निघा. रामकुंडावर उभं राहून नाही.

नेट आहे पण अडकलंय असं वाटलं तर विमान मोड चालू करा, दहापर्यंत मोजा, बंद करा. फोन टॉवरशी नव्याने ओळख करून घेतो. एवढ्या साध्या गोष्टीने काम होतं तेव्हा गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने बघतं, जणू मी मंत्र टाकला.

फक्त वायफायवरच बंद

मोबाईल डेटावर चालतं आणि वायफायवर नाही? मग राउटरकडे जा. फायबरचा डबा असेल तर त्यावरचे दिवे बघा. "एलओएस" नावाखाली लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही, बाहेर कुठेतरी वायर तुटली किंवा दुमडली आहे. रस्ता खोदणं काही आपल्याकडे नवीन नाही. अशा वेळी फोनमध्ये काहीही करून उपयोग नाही, नेटवाल्याला फोन लावा. लाल दिवा नसेल तर राउटरची पिन काढा, अर्धं मिनिट थांबा, परत लावा. दिवे स्थिर व्हायला दोन-तीन मिनिटं द्या; लोक वीस सेकंदांत धीर सोडतात.

जुन्या नाशकात वाड्यांच्या भिंती हातभर जाड. माडीवर राउटर आणि खाली ओसरीवर फोन असेल तर ५ गिगाहर्ट्झवालं वायफाय भिंतीतच जिरतं. राउटर बहुधा दोन नावं दाखवतो, त्यातलं २.४ वालं निवडा. वेग कमी मिळतो, पण पोचतं.

अंबड-सातपूरच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. ऑफिसच्या वायफायवर साइट उघडतात पण स्टोअर नाही, असं असेल तर बहुधा कंपनीच्या आयटीवाल्यांनीच दार लावलंय. नेटची ये-जा नंबर असलेल्या दारांतून होते, त्यांना पोर्ट म्हणतात. गुगलच्या सेवा नेहमीच्या ४४३ नंबरच्या पोर्टबरोबर ५२२८ ते ५२३० हे पोर्टही वापरतात. ते ऑफिसच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवरच्या पहारेकऱ्याकडे, बंद असले की गाडं अडतं. हा फोनचा दोष नाही आणि तुम्ही तो दुरुस्तही करू शकत नाही. आपला मोबाईल डेटा वापरा.

नाशिकरोड स्टेशनवर किंवा एखाद्या हॉटेलात मोफत वायफायला जोडलात तर आधी ब्राउझर उघडून नंबर आणि ओटीपी द्यावा लागतो. तो दिल्याशिवाय फोन "जोडलं" म्हणतो, पण आत कुणी सोडत नाही.

फोननेच कडी लावलीय का?

शेजाऱ्याच्या हॉटस्पॉटवरही चाललं नाही, तर आता सेटिंग्जमध्ये शिरायला हरकत नाही. इथे चार गोष्टी बघायच्या.

व्हीपीएन, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्याच सर्व्हरवरून फिरवून नेणारं अ‍ॅप. पोरांनी कधीतरी कसलंतरी फुकट व्हीपीएन टाकलेलं असतं आणि ते मागे चालूच राहतं. वरच्या पट्टीत किल्ली दिसतेय का बघा. दिसली तर बंद करा.

प्रायव्हेट डीएनएस. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा नेटवरचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर; तो आपल्या पसंतीचा निवडायची ही सोय अँड्रॉइड ९ पासून आली. जाहिराती बंद करायच्या म्हणून कुणीतरी सांगितलेल्या सर्व्हरचं नाव लोक तिथे टाकतात आणि विसरून जातात. तो सर्व्हर बंद पडला की फोनला गुगलचा पत्ताच सापडत नाही. "ऑटोमॅटिक"वर आणा.

डेटा सेव्हर आणि बॅटरी सेव्हर. दोन्ही थोडा वेळ बंद करून बघा. सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स, त्यात गुगल प्ले स्टोअर, त्यात मोबाईल डेटा: मागे चालताना डेटा वापरायची परवानगी चालू हवी.

आणि डाउनलोड मॅनेजर, म्हणजे फाइली उतरवायचं काम करणारा फोनमधलाच भाग. सेटिंग्ज, अ‍ॅप्स, मग "सिस्टम अ‍ॅप्स दाखवा" केलं की यादीत सापडेल. फोन हलका करायच्या नादात लोक हे बंद करून ठेवतात. नुसतं चालू करायचं असतं.

"प्रलंबित"

स्टोअर उघडतं, पण अ‍ॅप उतरत नाही, हे दुखणं वेगळं. वर उजवीकडे तुमचा फोटो असतो, त्यावर दाबा. "अ‍ॅप्स आणि डिव्हाइस व्यवस्थापित करा" उघडा. तिथे बहुतेक वेळा दिसतं की वीस अ‍ॅपांचे अपडेट रांगेत उभे आहेत आणि तुमचं अ‍ॅप सगळ्यांच्या मागे. ते थांबवा, तुमचं पुढे येईल. मग त्याच फोटोवर दाबून सेटिंग्ज, नेटवर्क प्रेफरन्सेस, अ‍ॅप डाउनलोड प्रेफरन्स. इथे "फक्त वायफायवर" निवडलेलं असेल तर मोबाईल डेटावर अ‍ॅप कधीच उतरणार नाही, बिचारं वायफायची वाट बघत बसतं.

जागाही बघा. ८० एमबीच्या अ‍ॅपला ८० एमबी मोकळी जागा पुरत नाही, उतरवून उलगडायलाही जागा लागते. एक-दोन जीबी मोकळी असू द्या. सुप्रभातचे फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ कुठे आहेत ते तुम्हाला माहीत आहेच.

आता पुसायला सुरुवात, पण क्रमाने

सेटिंग्ज, अ‍ॅप्स, गुगल प्ले स्टोअर. आधी "फोर्स स्टॉप". मग स्टोरेजमध्ये जाऊन "कॅशे साफ करा". यात काहीही जात नाही, फक्त साठलेला कचरा जातो. स्टोअर उघडून बघा.

नाही झालं तर तिथेच "डेटा साफ करा" किंवा "स्टोरेज साफ करा". या शब्दाला लोक घाबरतात. स्टोअरचा डेटा साफ केल्याने तुमची अ‍ॅप्स जात नाहीत, फोटो जात नाहीत, नंबर जात नाहीत. स्टोअरच्या आतल्या तुमच्या आवडीनिवडी जातात. मुलांसाठी पालक नियंत्रण लावलं असेल तर ते मात्र परत लावून घ्या.

हेच मग "गुगल प्ले सेवा"साठी, म्हणजे स्टोअरच्या मागे गुगलची कामं करणाऱ्या भागासाठी. तिथे फक्त कॅशेवर थांबलात तर उत्तम. तिचं स्टोरेज साफ केलं तर फोन टेकवून पैसे देण्यासाठी जोडलेलं कार्ड पुन्हा जोडावं लागू शकतं, म्हणून ते अगदी गरज पडली तरच.

त्यानंतर स्टोअरची अपडेट्स काढणे. प्ले स्टोअरच्या माहितीच्या पानावर वर उजवीकडे तीन ठिपके, "अपडेट्स अनइंस्टॉल करा". स्टोअर कारखान्यातून आलं तसं होतं आणि थोड्या वेळाने स्वतःच नवीन होतं. "सर्व्हरकडून माहिती आणताना त्रुटी" असं म्हणत पुढे डीएफ-डीएफईआरएच-०१ असा लांबलचक कोड येतो, त्यावर मला कॅशे, डेटा आणि हा उपाय, या तिघांतल्या कशाने तरी यश येतंच.

यानेही नाही झालं तर नेटवर्क सेटिंग्ज रीसेट. यात साठवलेले वायफायचे पासवर्ड, ब्लूटूथच्या जोड्या आणि मोबाईल नेटवर्कची सेटिंग्ज जातात; फोटो, नंबर जात नाहीत. घरच्या वायफायचा पासवर्ड माहीत आहे का, ते आधी विचारून घ्या.

अकाउंट काढण्याआधी थांबा

यूट्यूबवरचे सगळे भाऊ सांगतात, "गुगल अकाउंट काढा आणि परत टाका." उपाय खरा आहे. पण तो मी एकदा न विचारता केला आणि चांगलाच तोंडावर पडलो.

पंचवटीतल्या एक मावशी. स्टोअर उघडेना. मी फोन घेतला आणि भराभर अकाउंट काढलं. मग म्हटलं, "मावशी, पासवर्ड टाका." मावशी म्हणाल्या, "कसला पासवर्ड? भाच्याने टाकून दिलेलं." भाच्यालाही आठवेना. रिकव्हरीचा नंबर म्हणून जो दिला होता ते सिम कधीच बंद झालेलं. वर, नंबर सगळे गुगलमध्ये साठवलेले, त्यामुळे अकाउंट गेल्याबरोबर फोनमधली नावंही गायब. मावशींना मुलीचा नंबरसुद्धा पाठ नव्हता. त्यांचा चेहरा बघून मला घाम फुटला. तीन दिवसांनी आठवलं, की त्यांचा आधीचा फोन, फुटक्या काचेचा, देवघराखालच्या खणात पडलाय. तो चार्ज केला, घरच्या वायफायला जोडला. त्यात ते अकाउंट अजून चालू होतं. त्यावर "तुम्हीच आहात का?" असं आलं, "हो" दाबलं, नवा पासवर्ड केला, आणि सगळी नावं परत आली. त्या दिवशीचा चहा मावशींनीच पाजला, पण मला काही गोड लागला नाही.

तेव्हा अकाउंटला हात लावण्याआधी तीन गोष्टी: पासवर्ड पाठ आहे आणि एकदा टाकून बघितलाय, रिकव्हरीचा नंबर आज चालू असलेल्या सिमचा आहे, आणि जुना फोन असेल तर तो फेकलेला नाही. तिन्हींवर "हो" असेल तरच अकाउंट काढा.

फॅक्टरी रीसेट हा प्ले स्टोअरवरचा उपाय मी मानतच नाही. त्यात फोटोही जातात. आणि अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, रीसेट केल्यावर फोन जुनंच गुगल अकाउंट मागू शकतो. पासवर्ड नसेल तर हातात फक्त वीट उरते.

फोनच म्हातारा असेल तर

अँड्रॉइड २.३.७ आणि त्याआधीच्या फोनांवर गुगलने २७ सप्टेंबर २०२१ पासून लॉगिनच बंद केलं. अँड्रॉइड ४.४ साठी प्ले सेवांचे अपडेट २०२३ च्या ऑगस्टपासून थांबले. "फोनबद्दल"मध्ये आवृत्ती बघा. इतकी जुनी असेल तर वेळ घालवू नका. बाहेरून आणलेल्या स्वस्त फोनात आणखी एक भानगड असते: स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये "बद्दल"खाली प्ले प्रोटेक्टचं प्रमाणपत्र, म्हणजे या फोनला गुगलची मान्यता आहे की नाही ते, दिसतं, तिथे "प्रमाणित नाही" असं असेल तर विकणाऱ्याशीच बोला.

स्टोअर बंद आहे म्हणून वाकडी वाट नको

स्टोअर चालत नाही, आणि नेमकी त्याच वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक एपीके फाइल, म्हणजे स्टोअरला वळसा घालून अ‍ॅप टाकायची फाइल, येते. गाडीचं चलन, पीएम किसानचा हप्ता, अशा नावांची. ती टाकली की मेसेज वाचले जातात, ओटीपी जातो, आणि खातं रिकामं होतं. सरकारी अ‍ॅप व्हॉट्सअ‍ॅपवरून फाइल बनून येत नाही.

दुसरं, नेटवर "प्ले स्टोअर कस्टमर केअर नंबर" शोधू नका. शोधात दिसतात ते बरेचसे ठगांचे नंबर असतात. ते गोड बोलतात, स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावतात, आणि दहा रुपये भरून बघा म्हणतात. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. ती सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि तिथे उशीर जितका कमी तितके पैसे अडवायची शक्यता जास्त.

एवढं सगळं करूनही स्टोअर हललं नाही, तर जवळच्या दुकानात जा. जाताना स्क्रीनवर आलेल्या त्रुटीच्या संदेशाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. "काहीतरी इंग्रजीत आलं होतं" यावरून मला काही कळत नाही. काय काय करून झालंय तेही सांगा. गुगलचा पासवर्ड स्वतःच्या हाताने टाका, दुकानदाराला सांगू नका, मलासुद्धा नाही. आणि फोन चार्ज करून आणा. माझ्या काउंटरवर प्लगचा एकच पॉइंट आहे, आणि तो बहुतेक वेळा भरलेला असतो.